वरचे दात

सईला वरचे दोन दात आधी आले, तेव्हा तिच्या आईला, तेजस्विनीला, इतका आनंद झाला की भाताचं पातेलं तसंच ओट्यावर टेकवून तिने पोरीचा ओठ बोटाने वर केला आणि पुन्हा एकदा खात्री करून घेतली. खालची हिरडी बोडकी. वर मात्र शेजारी शेजारी दोन पांढऱ्या कण्या. लेकराच्या दाताचा आनंद कुठल्याही आईला होतो, त्यात नवल नाही. पण या आनंदात पोरीपेक्षा पोरीच्या मामाचा वाटा मोठा होता. वरचे दात आधी आले की मामाला भार, त्याच्यावर संकट येतं, हे नाशिकपासून सिन्नरपर्यंत कुठल्याही म्हातारीला विचारा, ती सांगेल. आणि सईचा सिन्नरचा मामा, किशोर, असल्या गोष्टींना साप-विंचवापेक्षा जास्त भिणारा माणूस होता.

"बरा सापडलास," तेजस्विनी म्हणाली. सईला वाटलं आपल्यालाच म्हणतेय, ती हसली.

आता हा किशोर म्हणजे काही कुणी परका नव्हे, तेजस्विनीचा सख्खा, पाठचा भाऊ. तिच्याच कडेवर वाढलेला. पण गेल्या वर्षी त्याने जे केलं ते तिने मनात जपून ठेवलं होतं, एक दिवसही त्यावर धूळ बसू दिली नव्हती.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाने ती सातव्या महिन्यात ओटी भरून सिन्नरला गेली. आईने, बयाबाईने, डिंकाचे लाडू करायला घेतले होते. चौथ्या दिवशी सकाळी किशोर अंगणात तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि तिच्या चपलांकडे बघत बोलला. त्याच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, बायकोला, सायलीला, मूल नव्हतं. कुण्या देवऋष्याने सांगितलं होतं, या घरात आधी दुसऱ्या बाईचं बाळंतपण झालं तर हिची कूस उजवायची नाही.

"तू परत जा तेजू. पुढचं पुढं बघू."

बयाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. तेजस्विनीला किशोरपेक्षा ती खाली घातलेली मानच जास्त लागली होती, पण आईवर सूड उगवता येत नाही, म्हणून तोही हिस्सा तिने किशोरकडेच वळवला.

किशोरची स्वतःची जीप, सिन्नर-नाशिक रोड भाड्याने चालते. पण त्या दिवशी जीपच्या सगळ्या सीटा भरल्या होत्या म्हणे. त्याने बहिणीला दोन पिशव्यांसकट एसटीत बसवून दिलं. मागच्या चाकावरची सीट. प्रत्येक खड्डा तेजस्विनीला अजून पाठ होता.

दुसऱ्या दिवशी जेल रोडच्या घरी ती एकटी असताना कळा सुरू झाल्या. नवरा रविराज अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, मोबाईल लॉकरमध्ये. सोसायटीचा वॉचमन काळू पाण्याची मोटर बंद करायला वर आला होता, त्याने दारातून तिचं कण्हणं ऐकलं. पेठ तालुक्यातला हा चाळिशीतला माणूस, घरी दोन पोरं, म्हातारी आई. त्याने रिक्षा आणली, तिला धरून बसवलं, दवाखान्यात कागदावर नातं विचारलं तेव्हा "भाऊ" म्हणाला आणि तशी सही केली.

सई जन्मली तेव्हा दीड किलोचीही नव्हती. बावीस दिवस काचेच्या पेटीत होती. डॉक्टरीण म्हणाली, प्रवासामुळेच असं झालं हे नाही सांगता येणार, काही वेळा आपोआपही होतं. तेजस्विनीने ऐकून घेतलं आणि मानलं नाही. तिसऱ्या दिवशी किशोर शहाळी घेऊन आला, तर तिने नर्सला सांगितलं, त्याला आत सोडू नका. तो दोन तास बाहेर उभा राहिला आणि शहाळी बाकावर ठेवून गेला. ती तिने शेजारच्या खाटेवरच्या बाईला देऊन टाकली.

तेव्हापासून वर्षभर तिने एकच काम मन लावून केलं. लेकराच्या पहिल्या वर्षात मामाचा मान पावलोपावली असतो. तो एकेक मान तिने किशोरकडून काढून घेतला आणि काळूला दिला.

कान टोचायला लेकरू मामाच्या मांडीवर लागतं. सईचे कान टोचले काळूच्या मांडीवर, वॉचमनच्या केबिनबाहेर, खुर्ची टाकून. तेजस्विनीने फोटो काढला आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. "सईचे मामा." मग ती मोबाईल हातात घेऊन बसली. सहा मिनिटांत बघणाऱ्यांच्या यादीत किशोरचं नाव आलं. त्या दिवशी तिला पोटभर जेवण गेलं.

उष्टावणाला काळूने इस्त्रीचा गणवेश घातला होता, टोपीसुद्धा. अंगठीने खिरीचा थेंब सईच्या जिभेवर ठेवताना तो इतका जपत होता की खीर हनुवटीवरच जास्त गेली. स्टेटस गेलं, "मामाच्या हातचा पहिला घास." किशोर, चार मिनिटं. पहिले वाळे, पहिलं झबलं, सगळं काळूमामाचं. काळूच्या पगारात ते कसं बसत होतं हा विचार तिला शिवला नाही. माणूस रागात असला की त्याला दुसऱ्याचं घर दिसत नाही, तसं तिचं झालं होतं.

बाकी आया पोर कधी पालथी पडली, कधी बसली ते कौतुकाने आठवतात. तेजस्विनीची आठवण वेगळी होती. सई पालथी पडली सहाव्या महिन्यात, खालच्या मजल्यावरची पोर चौथ्यातच पडली होती. आठव्या महिन्यात तिला उशांच्या आधाराशिवाय बसता येत नव्हतं. रांगायला लागली ती आधी मागे. समोरचं खेळणं हवं असायचं, हात टेकून जोर करायची आणि सरकत सरकत सोफ्याखाली जायची, मग तिथून रडायची. रविराज हसून लोळायचा. तेजस्विनीही हसायची, पण हसता हसता मनात यायचं, वेळेवर जन्मली असती तर पुढे गेली असती. डॉक्टरीण म्हणायची, हिच्या वयातून दोन महिने वजा करून बघा, सगळं वेळेवरच चाललंय. तेजस्विनी वजा करायला तयार नव्हती. वजा केलं की किशोर सुटत होता.

आणि आता हे दात. तिने सईच्या तोंडाचा जवळून फोटो काढला. खाली लिहिलं, "आमच्या सईचे वरचे दोन आधी! मामा, सांभाळून." स्टेटसला ठेवलं. किशोर, दोन मिनिटं.

चौथ्या दिवशी बयाबाईचा फोन आला. मायलेकींचं बोलणं बंद नव्हतं, पण ते भाजी काय केली याच्या पलीकडे जात नव्हतं.

"तेजे, काय टाकलंस गं ते? किशोर तीन दिस झाले गाडी काढत नाय. चारदा त्याचं जेवान तसंच राहिलं."

"दात आले, दाताचा फोटो टाकला. त्यात काय?"

"तुला काय ठावं नाय व्हय?" बयाबाई म्हणाली. "तुझ्या पोरीचं फोटू त्यो जीपमधल्या बायांना दाखवीत असतो. ही माझी भाची म्हणतो."

हे तेजस्विनीच्या आत कुठेतरी टोचलं, पण तिने ते तिथेच दाबलं. "रविवारी जावळ काढतोय," ती म्हणाली. "वर्ष पुरं व्हायच्या आत. त्याला म्हणावं ये. मामाने यायलाच पाहिजे."

बयाबाईला हुंदका आला. पोरीचा राग गेला असं तिला वाटलं असावं. तेजस्विनीने तिला तसं वाटू दिलं.

तिचा बेत साधा होता. जावळाला लेकरू मामाच्या मांडीवर बसतं. किशोर घाबरून येणार, चार लोकांत मांडी घालून बसायला पुढे होणार, आणि तेव्हा तिथे काळू बसलेला असणार. किशोरला भिंतीशी उभं राहून सगळं बघावं लागणार. रविराजला हे कळलं तेव्हा तो चिडला. "किती दिवस चालवणार आहेस हे?"

"मी बावीस दिवस पोर काचेतून बघितली. त्याला एक दिवस लांबून बघू दे."

रविराजने सईला उचललं आणि तो गॅलरीत गेला.

बुधवारी काळू दाराशी आला, आत आला नाही. त्याने खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली काशाची वाटी काढली. नवी कोरी, भांडी बाजारातून आणलेली.

"हे काय काळूदादा?"

"दुसऱ्या माळ्यावरल्या झुंबरबाई बोलल्या, वरचे दात आधी आले तं भार उतरवाया मामानं काशाची वाटी द्याची. मामा तं मीच हाय ना, ताई."

तेजस्विनी त्याच्याकडे बघतच राहिली. हे तिच्या ध्यानीमनी आलं नव्हतं. तिने वर्षभर साऱ्या सोसायटीसमोर, साऱ्या जगासमोर ज्याला मामा केला, त्याने तो शब्द खराच धरला होता.

"अहो, तुम्हाला कशाला भार? असलं काही नसतं हो," ती म्हणाली.

"नसतं?" काळूने मान खाजवली. "मंग तुमच्या भावाला तरी कसं होईल?"

तो टोमणा मारत नव्हता, खरंच विचारत होता. काळूच पुढे म्हणाला, "माझी आय बायडाबाई, ती फोनवर रडत होती. टाकीवर चढू नको म्हणं. पण टाकी कोण धुईल? तुम्ही नका काळजी करू. मी बसतो जावळाला. येकदा मामा झालो तं झालो."

वाटी तिने देवघरात ठेवली. मनाला लागलं, नाही असं नाही. पण रविवार चार दिवसांवर आला होता, आणि चार दिवसांवर आलेला सूड सोडून द्यायला मोठं मन लागतं. ते तिच्याकडे त्या वेळी नव्हतं.

शुक्रवारी काळू टाकीच्या शिडीवरून घसरला. फार नाही, खालच्या दोन पायऱ्यांवरून. घोटा सुजला. त्याने तिला काहीच सांगितलं नाही, तिला ते कळलं रविवारी सकाळी, जेव्हा तो पायाला पट्टी बांधून, भिंत धरत, हॉलमध्ये पाटावर बसायला आला. पाय मुडपताना त्याचा चेहरा पिळवटला. दुसऱ्या मजल्यावरच्या झुंबरबाई, ज्यांना सोसायटीतल्या प्रत्येक पोराची पाचवी तोंडपाठ होती, त्या कोपऱ्यातून पुटपुटल्या, "लागला बया भार."

तेवढ्यात किशोर आणि बयाबाई आले. वर्षभराने समोरासमोर. किशोर वाळला होता, दाढी वाढलेली, डोळे खोल. हातात प्रवासी बॅग होती, ती त्याने छातीशी धरली होती. सायली आली नव्हती, तिची कूस अजूनही उजवली नव्हती. किशोरने सईकडे बघितलं. सई रविराजच्या कडेवर होती, हे नवं माणूस बघून तिने तोंड उघडलं आणि ते दोन दात दाखवले. किशोर दचकला. तेजस्विनीने ते बघितलं आणि तिच्या जिवाला थंड वाटलं.

बॅगेतून त्याने कागदात गुंडाळलेली वाटी अर्धवट बाहेर काढली. तीही काशाचीच. सलूनवाले काका वस्तरा पुसत म्हणाले, "चला, मामा कोण?"

किशोर एक पाऊल पुढे आला.

"काळूदादा," तेजस्विनी मोठ्याने, ठणठणीत म्हणाली, "घ्या हिला."

बयाबाईने मान खाली घातली, अगदी त्या दिवशीसारखी. रविराजने सईला काळूच्या मांडीवर दिलं. काकांनी पाणी लावलं, वस्तरा फिरला, आणि सईने जो टाहो फोडला तो गेटापर्यंत गेला असेल. मऊ, पिंगट केसांचे झुपके काळूच्या गुडघ्यावर पडत होते. तेजस्विनीने पोरीकडे बघितलंच नाही. ती किशोरकडे बघत होती. याच चेहऱ्यासाठी तिने वर्ष काढलं होतं. आता तो पडेल, आता रडेल.

किशोर झुंबरबाईंकडे वळला आणि हळूच विचारलं, "मावशी, मग ते दातांचं... ते कुणाला लागतं?"

"ज्याच्या मांडीवर लेकरू, त्यो मामा," झुंबरबाई म्हणाल्या. "भार बी त्यालाच."

आणि किशोरचे खांदे सैल झाले. तेजस्विनीने अगदी स्पष्ट बघितलं. इतका वेळ आखडलेली मान मोकळी झाली, चेहऱ्यावर रंग आला. त्याने वाटी परत बॅगेत सरकवली, चेन ओढली, आणि रविराजला म्हणाला, "दाजी, जरा पाणी द्या." घटाघटा प्यायला. घास न उतरणाऱ्या माणसाला आता भूकही लागली असावी, त्याने स्वयंपाकघराकडे बघितलं.

तेजस्विनीच्या पायाखालची फरशी सरकली. वर्षभर आपण याच्याकडून हिसकावून घेतोय असं तिला वाटत होतं, आणि हा पठ्ठ्या सुटत होता. कान टोचायला आला नाही, सुटला. उष्टावणाला आला नाही, सुटला. आता दातांमधूनही सुटला. आणि ज्याने रिक्षा आणली, ज्याने भाऊ म्हणून सही केली, तो सुजलेल्या पायावर पोर घेऊन, तोंडातून हूं की चूं न काढता, भार उचलून बसला होता. तिला आपलीच इतकी चीड आली की कानशिलं तापली. मग ती चीड वळली आणि आपल्या जुन्या, ठरलेल्या जागी, किशोरवर, जाऊन बसली.

"काका, थांबा," ती म्हणाली.

सईचं अर्धं डोकं गुळगुळीत, अर्ध्यावर जावळ. तेजस्विनीने तिला काळूच्या मांडीवरून उचललं. "काळूदादा, पाय लांब करा. खुर्चीवर बसा बरं नीट. तुमची वाटी मी परत देणार नाही, ती तिची आहे. पण बाकीचं आता तुमच्याकडे नको."

मग ती किशोरसमोर गेली. "बस खाली."

"अगं पण... अर्धं झालंय ना. आणि मावशी म्हणाल्या..."

"मावशींनी अर्धंच सांगितलं. बस."

तो बसला. लहानपणी ती असं म्हणाली की तो बसायचाच. तिने सईला त्याच्या मांडीत ठेवलं. वर्षभरात पहिल्यांदा. किशोरचे हात हवेतच राहिले, पोरीला लावावेत की नाही हे त्याला कळेना.

"आता ऐक," तेजस्विनी म्हणाली. "सख्खा मामा जिवंत असताना भार दुसऱ्याला जात नाही. आणि तो एका वाटीने उतरतही नाही. हे वरचे दात पडून नवे येईपर्यंत मामाने दरवर्षी वाढदिवसाला भाचीच्या दारात यायचं. वाटीत दूधभात कालवून स्वतःच्या हाताने भरवायचा. एक वर्ष चुकलं की मागचा सगळा भार एकदम अंगावर. हो ना झुंबरबाई?"

झुंबरबाईंनी असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी तेजस्विनीकडे बघितलं, किशोरकडे बघितलं. मागच्या वर्षीची सगळी हकिगत त्यांना ठाऊक होती. त्यांनी पदर सारखा केला.

"व्हय तर. आन् सोताच्या गाडीनं नाय यायचं," त्या सावकाश म्हणाल्या. "एश्टीनं. मागल्या चाकावरल्या सीटावं बसून."

किशोरचा चेहरा पुन्हा पांढरा पडला. त्याने आधारासाठी आईकडे बघितलं.

बयाबाईने मान वर केली. वर्षभरात पहिल्यांदा तिने लेकीच्या डोळ्यांत बघितलं आणि मग लेकाकडे वळली. "खरं हाय," ती म्हणाली. "आपल्यात बी असंच करत्यात."

तेजस्विनीने घाईघाईने सईचं झबलं सारखं केलं, रडायची ही वेळ नव्हती.

"किती वर्षं?" किशोरने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"सात," ती म्हणाली. "आठही लागतील. ही सगळं उशिराच करते, तुझ्या कृपेने."

सईला एवढ्या बोलण्याचा कंटाळा आला असावा. हवेत लटकलेला मामाचा हात तिने ओढला, त्याचं बोट तोंडात घातलं आणि ते वरचे दोन दात रोवून कडाडून चावली. किशोरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याने बोट काढून घेतलं नाही. दुसरा हात, चाचपडत, तिच्या पाठीमागे धरला.

"काका," तेजस्विनी म्हणाली, "उरलेलं करून घ्या."